नकुशीची बसकी

पारगावच्या शिवारात, भीमेच्या काठापासून थोडं अलीकडं, हौशीरामची वस्ती. त्या घरात नावांची उलटापालट झालीय, असं भावकीतली माणसं हसून म्हणायची. नाव हौशीराम, पण गड्याला हौस म्हणून कसली ती नव्हती. वांग्या-टोमॅटोचे वाफे, पाण्याची पाळी आणि संध्याकाळी कपभर चहा, एवढ्यात त्याचं सगळं भागायचं. बायकोचं नाव नकुशी. तीन पोरींच्या पाठीवर जन्मली म्हणून न्हावऱ्याच्या माहेरात ठेवलेलं. पण सासरी तिच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

कुरकुंभच्या कारखान्यांत शिफ्टला येणाऱ्या कामगारांना ती जेवण पुरवायची. सुरुवात वस्तीवरच्या चुलीपासून झाली. डबे वाढले, चौफुल्याला मोठं स्वयंपाकघर झालं, हाताखाली बाया आल्या आणि दोन कंपन्यांची कँटीनं मिळाली. डाळीची पातेली, भाताचे टोप, चपात्यांचे डबे टेम्पोत भरायचे आणि टेम्पो तिनंच हाणायचा. हौशीरामला ड्रायव्हिंग येत नव्हतं असं नाही, त्याला ते मानवत नव्हतं. समोरून ट्रक आला की त्याचं अंग आपोआप डावीकडं झुकायचं आणि अंगाबरोबर स्टेअरिंगही. एकदा पाटसच्या अलीकडं टेम्पो रस्त्याकडंच्या चारीत जाता जाता राहिला, तेव्हा नकुशी शांतपणे म्हणाली होती, "तुम्ही सरका इकडं." तो डाव्या सीटवर सरकला तो तिथलाच झाला. त्याला तिथं बरं वाटायचं. रस्त्याची काळजी नसायची आणि बायको नीट दिसायची.

टेम्पो थकला तेव्हा दोघं दुसरा बघायला कोरेगाव भीमाला गेली. तिथं हायवेला लागून जुन्या गाड्यांचं एक मोठं यार्ड होतं. ज्ञानू नावाचा तिथला माणूस त्यांना एकेक टेम्पो दाखवत होता. हौशीराम टायर दाबून बघत होता, नकुशी खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघत होती. बघता बघता ती यार्डाच्या मागच्या पत्र्याच्या शेडकडं गेली आणि परत येईना.

हौशीराम शोधत गेला, तर ती एका गाडीसमोर उभी. गाडी त्याच्या कमरेएवढी बसकी. पुढचं नाक लांब, टप कमानीसारखा वर जाऊन मागं उतरत गेलेला, दारं दोनच. आणि रंग असा, की हौशीरामला शब्द शोधायची गरजच पडली नाही. भरताचं वांगं धुऊन उन्हात धरावं तशी काळपट जांभळी, तुकतुकीत.

"ही काय भानगड?" नकुशीनं ज्ञानूला विचारलं.

"स्पोर्ट्‌स गाडी हाय मावशी. जर्मन. पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. फकस्त रविवारी काढायच्या त्या."

"मागं माणसं बसत्यात?"

"मागं पिशवी बसती."

"सामान?"

"न्हाई मावशी, ही तसल्या कामाची न्हाईच."

"मग कशाच्या कामाची?"

ज्ञानूनं डोकं खाजवलं. "बाकीच्या गाड्या न्यायला-आणायला असत्यात. ही नुसती चालवायला हाय."

तो सहज बोलून गेला. नकुशीनं गाडीच्या लांब नाकावरून हात फिरवला. मग तिनं विचारलं, "बसून बघू का?"

ज्ञानूनं दार उघडलं. आत बसायचं म्हणजे आधी बूड टेकवायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं पदर मांडीखाली दाबला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि समोर बघितलं. समोर नुसतं यार्डाचं तारेचं कुंपण होतं. पण हौशीरामनं तिचा चेहरा बघितला आणि त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. लग्नानंतर पहिल्यांदा ती चौफुल्याच्या जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसली होती, तेव्हा पाळणा वर जायच्या आधी तिचा चेहरा असाच झाला होता.

त्या दिवशी त्यांनी टेम्पो घेतला आणि घरी आली. पुढचा महिनाभर नवा टेम्पो कुरकुंभच्या फेऱ्या मारत राहिला. मग एका सकाळी चहाची कपबशी खाली ठेवत ती म्हणाली, "अवो, ती वांगी रंगाची अजून हाय का बघून येऊ."

"कशाला?"

"घ्यायची म्हणते."

हौशीरामला वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिच्याकडं बघून त्याला कळलं की नाही. "आगं पण कशाला?"

"मला आवडली. मला ती चालवायचीय."

तिनं आजवर स्वतःसाठी मागितलेली एखादी वस्तू आठवायचा त्यानं प्रयत्न केला. घरघंटी आठवली. मोठा मिक्सर आठवला. दोन्ही कँटीनसाठी होत्या. त्यानं धोतराचा सोगा झटकला आणि उठला. "चल मग. उनाच्या आत जाऊन येऊ."

पुण्याला शिकायला असलेल्या वैष्णवीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, आईनं वाटेतून फोन केला. पलीकडून आधी किंचाळल्याचा आवाज आला. मग "आई, तुला वेड लागलंय का?" आणि त्याच दमात "फोटो पाठव ना, लगेच!"

नकुशी भोळी नव्हती. केडगावच्या ओळखीच्या मेस्त्रीला तिनं बरोबर घेतलं होतं. त्यानं गाडीखाली आडवं होऊन बघितलं, ऑइल बघितलं, इंजिन तापेपर्यंत चालू ठेवून कान लावला. "गाडी जपल्याली हाय वहिनी. टायर तेवढं बदला. आन् एक सांगतो, हिला आपल्या गावचं रस्तं सोसणार न्हाईत."

"बघू," नकुशी म्हणाली, आणि व्यवहार पुरा करून टेम्पो मेस्त्रीच्या हवाली केला.

घरी यायचा तो प्रवास हौशीराम पुढं कितीतरी दिवस गोठ्यात, बांधावर, पारावर सांगत होता. शिक्रापूरपर्यंत हायवेला गर्दी. ट्रकची चाकं त्याच्या कानाच्या उंचीवर फिरत होती. "आगं, रस्ता बुडाला लागतोय," तो दोनदा म्हणाला. नकुशीचं सगळं ध्यान पायाखाली होतं. ती गाडी समजून घेत होती. ब्रेक हलका दाबून बघायची, सोडायची, पुन्हा दाबायची. क्लच नव्हताच, गिअर गाडी आपले आपण बदलायची. पण स्टेअरिंगच्या मागं दोन पात्या होत्या. त्या बोटानं ओढल्या की गिअर आपल्या मनानं टाकता येतो, हे तिनं शिक्रापूरच्या सिग्नलला उभ्या उभ्या शोधून काढलं. स्पीड ब्रेकर आला की ती गाडी तिरकी घ्यायची. एक चाक, मग दुसरं, मग तिसरं, चौथं. झोपलेलं लेकरू उंबऱ्यावरून न्यावं तशी.

तळेगाव ढमढेरे मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये सरळ मोकळा रस्ता. लांबवर कुणी नाही. नकुशीनं एकदा आरशात बघितलं आणि पाय दाबला.

हौशीरामची टोपी मागं सरकली. पाठ सीटला चिकटली. इंजिनाचा आवाज आधी खाली घुमला, मग वर चढत गेला, आणि उसाच्या कडेचे विजेचे खांब मोजता येईनात. तो घाबरला, नाही असं नाही. हात दाराच्या दांडीवर गेला. पण त्यानं उजवीकडं बघितलं आणि त्याची भीती जागच्या जागी थांबली. नकुशीचे हात स्टेअरिंगवर इतके हलके होते, जणू पाटीत अंडी लावतेय. नजर लांब, पार पुढच्या वळणावर. आणि वळण यायच्या बरंच आधी तिनं पाय काढला, गाडी नरम केली, आणि वळणातून ती अशी बाहेर निघाली की त्याच्या मांडीवरची चिवड्याची पुडीसुद्धा हलली नाही.

न्हावऱ्याच्या चौकात, तिच्या माहेरच्या गावात, चहाच्या टपरीपुढं तिनं गाडी उभी केली. माणसं गोळा झाली. विठाबाई नावाची तिच्या आईच्या वयाची शेजारीण भाजीची पाटी खाली ठेवून पुढं आली. "नकुशे, कुणाची गं ही?"

"माझी," नकुशी म्हणाली.

विठाबाईनं टपावरून हात फिरवला. "लई देखणी हाय बया. आन् बसकीबी किती. म्हाताऱ्या माणसाला बसता येतंय का?"

"बसून बघा की."

विठाबाई बसली. चौकाला एक चक्कर मारून आल्यावर ती उतरायलाच तयार नव्हती, आणि उतरताना दोघी-तिघींना तिला ओढून काढावं लागलं. त्या दिवसापासून गाडीचं नाव बसकी पडलं.

खरी अडचण घराशी आली. डांबरी सोडून वस्तीकडं वळलं की बैलगाडीची जुनी वाट होती. मध्ये खोल चाकोऱ्या, एका ठिकाणी पाटाचं पाणी आडवं गेलेलं. बसकी दहा पावलं आत गेली आणि पुढून खर्र असा आवाज आला. नकुशीनं लगेच गाडी मागं घेतली, खाली उतरून गुडघ्यावर बसली आणि नाकाखाली हात फिरवला. ओरखडा होता.

गाडी तात्पुरती डांबरीलगतच्या साहेबरावच्या शेडमध्ये लावली. साहेबराव हौशीरामचा धाकटा चुलतभाऊ. सोसायटीचा संचालक, पंचायतीच्या पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभं राहायचं म्हणत होता. त्याच्या पांढऱ्या, उंच, सात माणसांच्या गाडीशेजारी बसकी उभी राहिली तेव्हा तो हसला.

"वहिनी, ही काय गाडी म्हणायची? पोरासोरांचं खेळणं. येवढ्यात माझ्यासारखी मोठी आली असती. चार माणसं बसली असती."

"चार माणसं न्यायला टेम्पो हाय की माझा."

"तसं न्हवं. लोकं बोलत्यात. बाईमाणूस, ह्या वयात..." तो थांबला, कारण नकुशी त्याच्याकडं बघत होती. मग त्यानं विषय बदलला. "आन् वस्तीला रस्ता न्हाई, आधी गाडी घेऊन बसलाय."

"रस्ता कोण करणार हुतं, भावजी?"

शेडमध्ये दुधाच्या किटल्या घेऊन आलेली माणसं उभी होती. ती हसली. वस्तीच्या रस्त्याचा शब्द साहेबरावनं दोन निवडणुकांत दिला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हौशीराम दोघांच्या मध्ये उभा होता. भावाची बाजू घ्यावी की बायकोची, असा प्रश्न त्याला पडला नव्हता. पण भावाचा चेहरा बघून त्याला वाईटही वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात नकुशीनं जेसीबी बोलावला. चाकोऱ्या भरल्या, मुरूम आणला, पाटाच्या ठिकाणी पाईप टाकला. तिनं कुणाला काही मागितलं नव्हतं. पण वस्तीवर सात-आठ घरं होती आणि काम सुरू झालेलं बघून पहिल्यांदा शेजारचा पोपटराव ट्रॅक्टर घेऊन आला, मग दुसरा आला. वळणावर जागा कमी पडत होती. हौशीरामनं न विचारता आपल्या वांग्याची कोपऱ्यातली सरी सोडली. फळाला आलेली झाडं उपटताना त्याच्या जिवाला लागलं, पण पाटीभर वांगी निघाली ती त्यानं काम करणाऱ्यांना वाटून टाकली.

रोलर फिरला त्या संध्याकाळी साहेबराव आला. लांब उभा राहिला. नकुशीच पुढं झाली आणि नारळ त्याच्या हातात दिला. "फोडा भावजी. तुम्ही मोठं माणूस."

"म्या काय केलंय वहिनी?" तो ओशाळून म्हणाला.

"कराल की. पुढचा डांबराचा थर तुमच्याकडं."

त्यानं नारळ फोडला. मग बसकी डांबरीवरून वळली आणि त्या नव्या मुरमावरून हळूहळू, एकदाही न घासता, घराच्या अंगणात आली. वस्तीवरच्या बायांनी तिला ओवाळलं. पुढं त्याच वाटेनं दुधाचा टेम्पो थेट गोठ्यापर्यंत यायला लागला. पोरांची शाळेची गाडीही आत येऊ लागली. बसकीवरून कुजबुजणारी माणसं मग कुजबुजायची राहिली. उलट पाहुणा आला की आधी गाडी दाखवायला आणू लागली.

रविवारी कँटीनला सुट्टी. सकाळी लवकर नकुशी मऊ कापडानं गाडी पुसायची आणि दोघं निघायची. भीमेचा पूल, न्हावरा, शिरूर, आणि परत. गावाच्या, वस्तीच्या जवळ ती बैलगाडीच्या चालीनं चालवायची. कुणी पोरांनी "पळवा की काकू" म्हटलं तरी ऐकायची नाही. मोकळ्या वळणांच्या पट्ट्यात मात्र हौशीराम आपोआप बोलायचा थांबायचा. तिथं बोलणं म्हणजे पूजेत बोलण्यासारखं झालं असतं. आठवडाभर शंभर माणसांच्या भुकेचा हिशेब डोक्यात ठेवणारी ही बाई त्या पट्ट्यात कुणाचीच नसायची. हौशीरामला याचं कधी वाईट वाटलं नाही. आपल्याला हे शेजारी बसून बघायला मिळतंय, याचंच त्याला नवल वाटायचं.

अशाच एका रविवारी शिरूरला एसटी स्टँडसमोर दोघं मिसळ खाऊन बाहेर आली, तर एक तरुण मुलगी बसकीभोवती फिरत होती. तेजश्री तिचं नाव. रांजणगावच्या कारखान्यात इंजिनिअर होती.

"काका, तुमची गाडी?" तिनं विचारलं.

हौशीरामनं बोटानं नकुशी दाखवली.

"काकू, तुम्ही चालवता? स्वतः?" मुलीचे डोळे चमकले. "मग पुढच्या रविवारी याच तुम्ही. आमचा ग्रुप आहे. मोकळ्या जागेत कोन लावतो, एकेक गाडी सोडतो, टाईम घेतो. रस्त्यावर नाही हं, सगळं बंद आवारात. स्पर्धा म्हणजे तशी गंमतच."

नकुशीनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा तिच्याकडंच बघत होता.

पुढच्या रविवारी शिरूरबाहेरच्या एका गोदामाच्या आवारात दोघं पोचली. कांद्याच्या दिवसांत ट्रकनं भरलेलं ते काँक्रीटचं मैदान त्या दिवशी मोकळं होतं. त्यावर ते कोन, म्हणजे प्लॅस्टिकच्या निमुळत्या नारिंगी टोप्या, मांडलेले. दोरीच्या अलीकडं पुण्याची, रांजणगावची, नगरची पोरंपोरी आपापल्या गाड्या घेऊन जमली होती. टोप्यांमधून नागमोडी जायचं, टोकाच्या पिंपाला वळसा घालून परत यायचं आणि आखलेल्या चौकटीत थांबायचं. टोपी पडली की वेळ वाढणार. चपला घालून चालणार नाही म्हणाले, तर तेजश्रीनं आपले जादा बूट दिले. नकुशीनं साडी वर खोचली, बूट चढवले आणि हेल्मेट घातलं. तिची चप्पल हातात धरून हौशीराम दोरीशी उभा राहिला.

पहिली फेरी वाया गेली. एवढ्या लोकांसमोर तिचा पाय जड पडला. वळणं उशिरा घेतली, टोप्या उडाल्या आणि एक टोपी नाकाखाली अडकून चौकटीपर्यंत फरफटत आली. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. नकुशी उतरली, वाकून टोपी ओढून काढली आणि जागेवर नेऊन ठेवली. चेहरा लाल झाला होता.

"जाऊ द्या काकू, सगळ्यांचं होतं पहिल्यांदा," तेजश्री म्हणाली. "टोपीकडं बघू नका. बघितलं की गाडी तिकडंच जाते. जिथं जायचंय तिथं बघा."

नकुशीनं मान हलवली. मग ती सगळी वाट पायी चालली. प्रत्येक वळणावर थांबायची, मागं बघायची, पुढं बघायची. परत आली आणि म्हणाली, "यांना शेजारी बशीवलं तर चालंल का? मोकळी शीट मला सोसत न्हाई."

ग्रुपच्या पोरांचा आपापसात विचार झाला. चालेल म्हणाले. हौशीरामनं आपली टोपी काढून खिशात ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं गेलं. आत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. नकुशीनं पट्टा घट्ट केला, त्याचाही घट्ट केला.

"भ्या वाटतंय?" तिनं विचारलं.

"तुझ्याशेजारी? छ्या."

झेंडा खाली आला.

पहिल्या टोपीपाशीच हौशीरामला कळलं की ही फेरी वेगळी आहे. टोपी त्याच्या खिडकीपासून वीतभर अंतरावरून गेली, आणि ती जाते न जाते तोच नकुशीची मान पुढच्या फटीकडं वळलेली होती. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. त्याचं अंग इकडून तिकडं फेकलं जात होतं, पण त्यात धक्का नव्हता, दोरीवरच्या झोक्यासारखी एक लय होती. पिंप समोर आलं. त्यानं मनात म्हटलं, आता ब्रेक. त्याच क्षणी तिनं ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली झुकलं, मागचा भाग किंचित सरकला, टायर चरचरले, आणि पिंप, दोरी, माणसं, गोदामाची भिंत सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गर्रकन फिरलं. त्या फिरण्यात एकच गोष्ट स्थिर होती. तिचा चेहरा. ओठ जरा उघडे, डोळे परतीच्या वाटेवर.

तिनं पात्या ओढल्या. आवाज चढला. टोप्या परत दोन्ही बाजूंनी आल्या आणि गेल्या. चौकटीत गाडी थांबली तेव्हा पुढची चाकं रेघेच्या बरोब्बर अलीकडं होती. एकही टोपी पडली नव्हती.

तिनं इंजिन बंद केलं. मग नकुशी हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, हेल्मेटच्या आत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हौशीरामनं तिला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. त्यानं तिच्या मनगटावर नुसता हात ठेवला.

नंबर काही आला नाही. ती बरोबर मधल्या फळीत होती. तेजश्री आपल्या छोट्याशा गाडीतून तिच्यापेक्षा कितीतरी वेगात आली आणि नकुशीनं दोरीवरून वाकून सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवल्या. नंतर दोघी गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या आणि हवा कमी ठेवावी की जास्त, यावर बराच वेळ बोलत राहिल्या. पोरं जवळ येऊन ऐकू लागली. कुणीतरी चहा आणला. निघताना सगळ्यांनी बसकीबरोबर फोटो काढले, आणि वैष्णवीचे पुण्याहून एकामागून एक फोन येत राहिले.

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याला दोघं भेळ खायला थांबली. हौशीराम अजून त्या पिंपाच्या वळणातच होता. "काय फिरवलीस गं," तो म्हणाला. "मला वाटलं भिंतीलाच जातोय. पुढच्या टायमाला..."

"पुढच्या टायमाला तुम्ही खाली उभं ऱ्हावा," नकुशी म्हणाली.

"का गं?"

"तुमचं वजन पडतंय. तेजश्री म्हणाली, तेवढ्यानं बी टाईम लागतो."

हौशीरामनं एकदा आपल्या पोटाकडं बघितलं. मग त्याला इतकं हसू आलं की भेळेचा कागद हातातून निसटला. बायकोला आता खरंच जिंकायचं होतं. त्याला राग यायला हवा होता, निदान रुसायला तरी. पण आतून फक्त अभिमान येत होता, भरभरून.

पुढच्या महिन्यात त्याच आवारात तो दोरीला धरून उभा राहिला. गर्दीत साहेबरावही होता, चार कार्यकर्त्यांना घेऊन आलेला. "आमच्या वहिनी हायत," असं तो जवळच्या प्रत्येकाला सांगत होता. झेंडा पडला आणि बसकी सुटली.

हौशीराम ओरडायचं ठरवून आला होता. घसाही खाकरून ठेवला होता. पण इतके महिने तो कायम गाडीच्या आत बसलेला. ती धावताना बाहेरून कशी दिसते, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. जमिनीला धरून, नाक खाली घालून, उन्हात चमकत ती टोप्यांमधून वळत गेली, आणि काचेआड त्याच्या बायकोचा खांदा दरवेळी वळणाच्या आधी वळत होता. त्याचं तोंड उघडं राहिलं. शेजारच्यानं काहीतरी विचारलं ते त्याला ऐकूच आलं नाही. पिंपाला वळसा घालून गाडी परत फिरली, आणि तो पायाच्या चवड्यांवर उभा राहून, मान ताणून, ती चौकटीत थांबेपर्यंत बघत राहिला.